थकलेल्या वर्गणीचा इतिहास

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत परळहून 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. नवे पत्र पहिल्या अंकात आपले ध्येय सांगते आणि लोकाश्रय मागते. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मनोगत' या अग्रलेखात तेही केले. पण त्याच लेखात त्यांनी तीन मृत पत्रांची नावे घेतली: 'सोमवंशीय मित्र', 'हिंद नागरिक' आणि 'विटाळ विध्वंसक'. ही तिन्ही पत्रे अस्पृश्यांच्या हितासाठी निघाली आणि तिन्ही बंद पडली होती. आपल्या पत्राचेही असेच होऊ शकते, ते टिकायचे तर वर्गणीदारांनी हात दिला पाहिजे, असे वाचकाला पहिल्याच दिवशी बजावून सांगणारे संपादक मराठीत फार झाले नसतील.

पूर्व विदर्भातल्या वाचकाने या तीन नावांपाशी जरा थांबले पाहिजे. पहिले पत्र पुण्याचे, उरलेली दोन नागपूरची. म्हणजे मुंबईत 'मूकनायक' निघण्याच्या दहा वर्षे आधी नागपुरात हा प्रयोग करून झाला होता आणि त्याची किंमतही मोजून झाली होती. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि नवेगाव बांध, अर्जुनी मोरगावचा सगळा मुलूख मध्य प्रांतात मोडत होता. मुंबई म्हणजे परका इलाखा. या भागाची बाजारपेठ, कचेरी आणि चळवळ नागपूरकडे पाहणारी होती. त्यामुळे प्रस्थापित पत्रांत जागा नसलेल्यांच्या पत्रांचा इतिहास सांगताना नागपूरपासून सुरुवात करणेच योग्य.

छापखाना स्वतःचा, तोटाही स्वतःचा

या परंपरेचे मूळ आणखी मागे जाते. जोतीराव फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. पैशाअभावी ते डळमळले, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले आणि गिरणी कामगारांचे मुखपत्र केले. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच पत्रातून अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. त्यांच्या लष्करी पार्श्वभूमीला महत्त्व आहे. गावातल्या शाळेचे दार महाराच्या मुलाला बंद होते, पण पलटणीच्या शाळेत अक्षर शिकता येत होते. त्यामुळे अस्पृश्यांच्या पत्रांना जे पहिले लेखक-वाचक मिळाले, त्यांत पेन्शनर शिपाई, हवालदार आणि त्यांची मुले बरीच होती. आंबेडकर स्वतः अशाच एका सुभेदाराचे चिरंजीव.

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १ जुलै १९०८ रोजी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेवर त्यांनी त्यात सतत लिहिले. या लेखनाने धीर येऊन एका मुरळीने आपली कहाणी पत्राने कळवली, ती छापली गेली आणि पुढे तिचे रीतसर लग्न झाले. छापलेल्या शब्दाने एका बाईचे आयुष्य बदलल्याचा हा दाखला. तरीही पत्र दोन-तीन वर्षांत थांबले.

नागपुरात हे काम किसन फागुजी बनसोडे यांनी अंगावर घेतले. नागपूरजवळच्या मोहप्याचे बनसोडे शाळा काढणारे, कविता लिहिणारे, कामगारांत वावरणारे गृहस्थ. अस्पृश्यांचा मजकूर इतरांच्या छापखान्यात वेळेवर छापून मिळणार नाही हे त्यांना कळले होते, म्हणून त्यांनी छापखानाच घातला. १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक', १९१८ ते १९२२ 'मजूर पत्रिका' आणि १९३० च्या दशकात 'चोखामेळा' अशी पत्रे त्यांनी एकामागून एक काढली. प्रत्येक पत्र काही वर्षे चालले आणि बंद पडले, तरी बनसोडे पुन्हा नवे काढत राहिले. त्यांचा ओढा चोखोबांच्या भक्तिपरंपरेकडे होता. आंबेडकरांनी १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केली तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. पण नागपूरच्या वस्त्यांना छापील अक्षराची सवय लावण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

नागपूरला लागून असलेल्या कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी वयाची विशी गाठण्याआधीच १९२२ च्या सुमारास 'महारठ्ठा' नावाचे पत्र सुरू केले. पुढे विडी कामगारांची संघटना बांधणारे आणि 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे हेच हरदास. १९३७ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत वारले. विडी हा नागपूर, भंडारा, गोंदिया पट्ट्यातला गरिबाघरचा धंदा. तेंदूपत्ता इथल्याच जंगलातून निघतो. त्यामुळे हरदासांचे नाव भंडाऱ्याच्या खेड्यांना परके नव्हते.

ही पत्रे बंद का पडत, याचे उत्तर त्यांच्या हिशेबात आहे. खिळे, शाई, कागद आणि जुळाऱ्याची मजुरी हा खर्च पत्र दोनशे माणसांचे असो की दोन हजारांचे, सुरुवातीलाच करावा लागतो. प्रस्थापित पत्रांचा हा खर्च जाहिराती भरून काढत. अस्पृश्यांच्या पत्रात जाहिरात द्यायला व्यापारी तयार नसे, आणि या समाजात स्वतःचे मोठे दुकान असणारा कोणी नव्हता. मग उरे फक्त वर्गणी. ती व्ही. पी.ने, म्हणजे अंक देताना टपालवाल्याने पैसे घ्यायच्या पद्धतीने, मागवावी, तर टपालवाला पोहोचेपर्यंत मजुराच्या हातात पैसे असतीलच असे नाही. व्ही. पी. परत आली की टपालखर्चही पत्राच्याच माथी. वाचक आहेत पण वर्गणी नाही, हे दुखणे या परंपरेला जन्मापासून जडले होते.

'जागा नाही'

'मूकनायक' निघाले तेव्हा आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव घालता येत नव्हते. ते नाव पांडुरंग नंदराम भटकर या तरुणाचे होते. भांडवलाचा प्रश्न छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांनी सुटला. नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापावी म्हणून ती पुण्याच्या 'केसरी'कडे पाठवली, तर तिकडून नकार आला. या नकाराची आठवण आंबेडकरांनी सात वर्षांनंतर लिहून ठेवली, ती टिळक हयात असतानाची गोष्ट आहे या टिपणीसह.

'मनोगत'मधला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. हिंदू समाज हा जिना नसलेला मनोरा आहे, ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे, असे त्यात त्यांनी मांडले. वृत्तपत्रांबद्दलचा मुद्दा त्याहून नेमका होता. मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश' अशा काही पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र या पत्रांपुढे इतर अनेक प्रश्न असल्याने बहिष्कृतांच्या वाट्याला पुरेशी जागा येत नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे. इथे कोणावर राग काढलेला नाही. पानावरची जागा हा सत्तेचाच एक हिस्सा आहे, हे त्यामागचे भान आहे.

मिळालेली ही जागा 'मूकनायक'ने कशी वापरली? मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज जातीने आले. मेअखेरीस नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, हा तिथला वादाचा मुद्दा होता. विधिमंडळातल्या सवर्ण सभासदांनी ते निवडावेत, ही अस्पृश्यांसाठी काम करणाऱ्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची भूमिका नागपूरने फेटाळली. पुढच्या पंचवीस वर्षांच्या राजकारणाचे बीज या ठरावात होते. अशा परिषदांना मोठ्या पत्रांनी फार तर चार ओळी दिल्या असत्या. 'मूकनायक'ने ठराव, भाषणे, चर्चा सगळे छापले.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. पत्राचा भार ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आला. पैशांची ओढाताण आणि मतभेद वाढत गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. एका माणसाच्या जिवावर चाललेले पत्र तो माणूस दूर गेल्यावर टिकले नाही. हा धडा आंबेडकरांना पूर्ण पचायला अजून एक पत्र खर्ची पडायचे होते.

चोवीस रकाने आणि एक प्रश्न

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले. त्यानंतर गावात मारहाण झाली आणि मराठी पत्रांतून वाद पेटला. दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. या वेळी संपादक म्हणून आंबेडकरांचे नाव उघडपणे होते. महाडची हकिकत, खटल्याच्या बातम्या, विरोधी पत्रांना उत्तरे, डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेचे आणि मनुस्मृती दहनाचे समर्थन असा हा ऐवज. त्यातला बराचसा मजकूर एकहाती लिहिलेला.

पत्र दहा महिन्यांचे झाले तेव्हा, ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात, आंबेडकरांनी एका अग्रलेखाला मथळा दिला: 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' अंकाचे चोवीस चोवीस रकाने संपादक स्वतः भरतो, त्याबद्दल मोबदला घेत नाही, प्रकृतीची आणि सुखाची पर्वा करत नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. पत्रावर कर्ज झाले होते. ते कोणी फेडायचे? आंबेडकरांची मांडणी अशी की हे कर्ज संपादकाचे खासगी नाही. ज्यांच्यासाठी पत्र चालते त्या समाजाचे ते देणे आहे. मदत मागणाऱ्या लेखाचा सूर बहुधा लीन असतो. इथे वाचकाला त्याचा हिशेब दाखवला होता.

तरी पैसे पुरेसे आले नाहीत. १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर 'बहिष्कृत भारत' थांबले.

याच काळात आणखी एक पत्र निघाले. आंबेडकर आणि त्यांच्या सवर्ण मित्रांच्या समाज समता संघाचे 'समता' हे मुखपत्र २९ जून १९२८ रोजी सुरू झाले. देवराव विष्णू नाईक त्याचे संपादक होते. पुण्यात या संघाची शाखा लोकमान्य टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी एप्रिल १९२८ मध्ये गायकवाड वाड्यात, म्हणजे 'केसरी'च्या अंगणातच, उघडली होती. तिथे सहभोजन झाले आणि आंबेडकर त्याला हजर होते. 'मूकनायक'ची जाहिरात परत पाठवणाऱ्या वास्तूत आठ वर्षांनी अस्पृश्यांची पंगत बसली. पुढच्याच महिन्यात, २५ मे रोजी, श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. अखेरच्या दिवशी त्यांनी आंबेडकरांना पत्र लिहिले होते. 'समता'च्या पहिल्या अंकात आंबेडकरांनी त्यांच्यावर लिहिले.

पाक्षिकाचे साप्ताहिक होते

२४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाली, तेव्हा आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. दहा वर्षांपूर्वी ते लंडनला गेले आणि पत्र मोडकळीस आले. या वेळी ते लंडनमध्ये असताना पत्र जन्माला आले. मधल्या काळात काय बदलले, हे एवढ्यावरूनच कळते. संपादनाची जबाबदारी आरंभी देवराव नाईकांकडे होती, पुढे भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आणि नंतर यशवंतराव आंबेडकर यांनी ती सांभाळली. नाईक आणि सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, आणि महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे हेच सहस्रबुद्धे. पत्र अस्पृश्यांचे होते, पण संपादक निवडताना जात पाहिली गेली नाही.

वर्षभरात पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. ते पंधरवड्याऐवजी आठवड्याला निघू लागले म्हणजे फक्त अंक दुप्पट झाले असे नाही. आठवड्याच्या पत्रात सभेची सूचना वेळेवर देता येते, कालच्या अन्यायावर उद्या मोर्चा काढता येतो, निवडणुकीत प्रतिपक्षाला उत्तर देता येते. 'जनता' पाठीशी घेऊन १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषदही झाली. गावोगावच्या शाखांना 'जनता' हे पक्षाचे परिपत्रक होते, वर्तमानपत्र होते आणि प्रौढशिक्षणाचे पुस्तकही होते.

ते इतक्या लांबपर्यंत पोहोचायचे कसे? मुंबईहून नागपूरमार्गे गोंदियापर्यंत हावड्याला जाणारा मोठा लोहमार्ग होता. गोंदियाहून चांद्याकडे बंगाल नागपूर रेल्वेची छोटी गाडी सौंदड, अर्जुनी मोरगाव, वडसा करत जंगलातून जात असे. मुंबई ते गोंदिया अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. अंक हाती पडेपर्यंत बातमी शिळी झालेली असे, पण ज्याच्या गावात त्याच्याबद्दलची कोणतीच बातमी कधी छापून आली नव्हती, त्याच्यासाठी ती ताजीच. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही वस्तीतली रीत. धानाची रोवणी, कापणी, तेंदूपत्त्याचा हंगाम, विड्या वळणे यांत दिवस जाणारी माणसे संध्याकाळी वाचणाऱ्याभोवती बसत. शाळा शिकलेला पोरगा म्हणजे त्या वस्तीचे वाचनालय. वर्गणीदारांच्या वहीत मात्र या सगळ्यांचे मिळून एकच नाव. पत्राचा खरा खप आणि पत्राची मिळकत यांत एवढे अंतर असण्याचे कारण हेच.

गोलमेज परिषदेच्या वेळी लंडनहून आलेली आंबेडकरांची पत्रे 'जनता'त छापली गेली. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे सविस्तर सांगितली, ते भाषणही 'जनता'मुळे दूरवर गेले. १९३५ मध्ये येवल्याला केलेल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर वीस-एकवीस वर्षे हा समाज धर्म बदलण्याच्या प्रश्नावर वाद घालत होता. विरोधातली मते आली, शंका आल्या, इतर धर्मांचे प्रस्ताव आले. एवढा मोठा निर्णय एका सभेत झाला असे आपण सहज म्हणतो. पण त्यामागे वीस वर्षांची साप्ताहिक चर्चा होती.

मे १९५४ : भंडारा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, आंबेडकर उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. दोन वर्षांनी भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे आंबेडकर उभे राहिले, सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोन्ही पक्षांची युती होती.

एप्रिलच्या उन्हात आंबेडकरांनी जिल्ह्यात प्रचार केला. प्रकृती खालावलेली असूनही त्यांनी नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर आणि कारभारावर सडकून टीका केली. इथे एक पेच होता. आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच न देता कुजवले, तर राखीव जागेवर त्याचा फायदा होईल, असा हिशेब काही कार्यकर्ते मांडत होते. मुंबईत १९५२ मध्ये अशी मते मोठ्या प्रमाणावर कुजली होती आणि तो घाव ताजा होता. आंबेडकरांनी ही सूचना मानली नाही, घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवा असे सांगता येणार नाही असे ते म्हणाले, ही आठवण भंडारा-गोंदिया भागात अजून सांगितली जाते. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आंबेडकर आठ हजारांवर मतांनी हरले.

अनुयायांची दुसरी मते मेहतांकडे गेली, मित्रपक्षाची दुसरी मते तितक्या प्रमाणात आंबेडकरांकडे आली नाहीत, असा या निकालाचा अर्थ लावला जातो. तो बरोबर असेल तर पत्रांच्या इतिहासाला त्यातून एक गोष्ट शिकता येते. 'जनता' आपल्या वाचकाला दोन्ही मते द्यायला लावू शकत होती. शेजारच्या वस्तीतल्या मतदारापर्यंत ती पोहोचत नव्हती, कारण ती तिथे कोणी वाचतच नव्हते. बहिष्कृतांचे वेगळे पत्र बहिष्कृतांत जागृती आणते, पण बहिष्कार घालणाऱ्याच्या हाती ते पडत नाही, ही त्याची मर्यादा भंडाऱ्याच्या मतपेटीत दिसली.

नाव बदलले, प्रांत बदलला

४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. मूक, बहिष्कृत, जनता आणि शेवटी प्रबुद्ध असा नावांचा क्रम अनेकांनी नोंदवला आहे. पण त्या क्षणी या नावामागे एक व्यवहारही होता, दीक्षेचा दिवस जवळ येत होता. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपुरात आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूर त्या दिवशी मध्य प्रदेशची राजधानी होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि भंडाऱ्यासह विदर्भाचे मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणजे मुंबईचे पत्र पंचवीस वर्षे ज्या लोकांना परप्रांतातून शहाणे करत होते, ते लोक आता मुंबईच्याच राज्यात आले होते.

दीक्षेला आलेल्यांत भंडारा जिल्ह्यातले लोक मोठ्या संख्येने होते. कोणी बैलगाडीने आले, कोणी पायी, कोणी घरातले किडूकमिडूक विकून गाडीभाडे उभे केले. हेच लोक वर्गणी भरत नव्हते. मग ही माणसे कंजूष होती का? दर वर्षी ठरावीक रक्कम ठरावीक दिवशी भरणे पगारदाराला जमते. हंगामावर जगणाऱ्या मजुराला ते जमत नाही. आयुष्यात एकदा सर्वस्व पणाला लावणे मात्र त्याला जमते. पत्राच्या हिशेबवहीला यातला फरक दाखवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, आंबेडकरांनी नागपूरला सविस्तर भाषण केले. नागपूरच का निवडले, बौद्ध धम्मच का, याची कारणे त्यात होती. 'प्रबुद्ध भारत'ने २७ ऑक्टोबरला दीक्षा विशेषांक काढला आणि ते भाषण छापले. सहा आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

पुढे यशवंतराव आंबेडकर, मुकुंदराव आंबेडकर, दादासाहेब रूपवते, शंकरराव खरात, भास्करराव कद्रेकर अशा मंडळींनी पत्र चालवले. नवे कथाकार-कवी त्यात लिहू लागले. मार्च १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या मागे हा वाचक-लेखक वर्ग होता. पण ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात लवकरच फूट पडली. संघटनेच्या आधाराने टिकलेले पत्र संघटना दुभंगल्यावर १९६१ मध्ये थांबले. २०१७ मध्ये प्रकाश आंबेडकर यांनी ते पुन्हा सुरू केले.

तळटिपेतले साप्ताहिक

या पत्रांचे मोल पुढच्या पिढीला पटवून देण्यात नागपूरच्या दोन माणसांचा मोठा वाटा आहे. वसंत मून यांनी आंबेडकरांच्या समग्र वाङ्मयाचे संपादन करताना 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे विखुरलेले अंक एकत्र करून छापून घेतले. नागपुरात जन्मलेले गंगाधर पानतावणे यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवर प्रबंध लिहिला आणि औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवून तीच वाट पुढे नेली.

राज्य शासनाने छापलेला आंबेडकर वाङ्मयाचा अठरावा खंड मराठी भाषणांचा आहे, तो तीन भागांत निघाला. त्यात ठिकठिकाणच्या भाषणांखाली मूळ आधार दिला आहे आणि तो पुन्हा पुन्हा तोच आहे: 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत', सोबत अंकाची तारीख. आडगावच्या सभा, स्थानिक ठराव, स्वागताध्यक्षांची नावे, जमलेली वर्गणी हे सगळे त्या अंकांत नोंदले गेले म्हणून उरले. मोठ्या दैनिकांच्या संचिकांवर विसंबून हा इतिहास लिहायचा म्हटले असते, तर त्यात महाड आणि पुणे करार सापडला असता, पण विदर्भातल्या तालुक्याच्या सभा सापडल्या नसत्या.

आज पूर्व विदर्भात तालुक्याच्या गावांतून साप्ताहिके निघतात. त्यांतली बरीच सरकारी जाहिरातींवर, निविदांच्या नोटिसांवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानांवर जगतात. त्यांचा हिशेब जमतो, कारण पैसे देणारा आणि वाचणारा वेगवेगळा आहे. 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंतच्या पत्रांत पैसे देणारा आणि वाचणारा एकच होता, म्हणून हिशेब जमला नाही आणि म्हणूनच त्यांनी लिहिलेले विश्वासाने उद्धृत करता येते. १९२८ मध्ये विचारलेला ऋणाचा प्रश्न आता एखाद्या पत्रापुरता उरलेला नाही. 'जनता'चे अंक कुणाच्या घरी ट्रंकेत असतील, नागपुरातल्या छोट्या पत्रांचे सुटे कागद कुठल्या वाचनालयात असतील, तर ते शोधून छायाप्रती करून ठेवणे हे तालुक्याच्या वाचनालयालाही परवडणारे काम आहे. थकलेल्या वर्गणीपैकी एवढी तरी अजून भरता येईल.